किल्ला वेल्सचा, पण बांधला कुणी?

‘हा तुमच्या कोणत्या राजाने बांधला?’ कॉन्वीच्या किल्ल्यासमोर कॉफी देणाऱ्या काकूंना मी अगदी उत्साहात विचारलं. त्या हसल्या. म्हणाल्या, ‘आमच्या नाही गं. आम्हाला गप्प बसवायला इंग्लंडच्या राजाने बांधला.’

मी एकदम गप्प. किल्ला म्हटलं की आपल्या तोंडी आधी ‘आपला’ हा शब्द येतो. शाळेच्या सहलीपासून ते मान्सून ट्रेकपर्यंत आपण किल्ल्यावर जातो ते अभिमान वाटून घ्यायला. दुसऱ्याच्या विजयाची खूण असलेला किल्ला आपल्याच गावात उभा आहे आणि तोच बघायला जगभरातून लोक येताहेत, असं असेल तर कसं वाटत असेल?

मावसबहीण मँचेस्टरला शिकते. सुट्टीत तिच्याकडे गेले होते, तेव्हा दोघी ट्रेनने उत्तर वेल्सला गेलो. गोष्ट थोडक्यात अशी, की 1277 आणि 1282-83 अशा दोन मोहिमांत पहिल्या एडवर्डने वेल्स जिंकलं. वेल्सचा राजपुत्र लुएलिन 1282 च्या डिसेंबरमध्ये मारला गेला. मग हा मुलूख पुन्हा उठू नये म्हणून एडवर्डने किल्ल्यांची साखळीच उभी केली. इतिहासात तिला ‘लोखंडी कडं’ म्हणतात.

कॉन्वी त्यातलाच. 1283 ते 1287, म्हणजे जेमतेम चार वर्षांत आठ बुरुजांचा किल्ला आणि शहराभोवती सव्वा किलोमीटरहून लांब तटबंदी! (आमच्या गल्लीतला रस्ता आठवून मी मान खाली घातली.) पण ही जागा मोकळी नव्हती. इथे मठ होता आणि थोरल्या लुएलिनला तिथेच पुरलं होतं. एडवर्डने मठ उचलून दुसरीकडे नेला आणि त्याच जागी आपलं ठाणं वसवलं. तटाच्या आत इंग्रज वस्ती, वेल्श माणूस बाहेर. आज त्या तटावरून चालायला तिकीट लागत नाही. वारा मात्र असा, की ताईची छत्री पहिल्या दहा मिनिटांत उलटी झाली.

नकाशा बघितलात तर लक्षात येईल, हे किल्ले पाण्याला धरून आहेत. जमिनीवरून वेढा पडला तरी जहाजातून रसद यावी, हा हिशेब. हार्लेखला आता समुद्र मागे सरकलाय, पण पाण्याकडे उतरणारी वाट अजून आहे. हाच किल्ला 1404 मध्ये बंडखोर वेल्श नेता ओवेन ग्लिन्डूरने जिंकला आणि पाच वर्षं राखला. मला तरी चौघांत हार्लेख सगळ्यात जवळचा वाटला, बहुधा त्यामुळेच.

कार्नार्वन भव्य आहे, फोटोंसाठी एक नंबर. एडवर्डचा मुलगा 1284 मध्ये इथे जन्मला आणि 1301 मध्ये ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ झाला, म्हणजे हरलेल्यांची पदवीही जिंकणाऱ्याच्या घरात गेली. 1969 मध्ये चार्ल्स यांचा त्याच पदवीचा सोहळा याच किल्ल्यात झाला, तेव्हा वेल्समध्ये निदर्शनं झाली होती. आणि हे जुनं दुखणं अजून ताजं आहे. 2017 मध्ये फ्लिंटच्या किल्ल्याजवळ भलंमोठं लोखंडी कडं, शिल्प म्हणून, उभारायचं ठरलं. हजारो लोकांनी विरोधात सह्या केल्या आणि बेत गुंडाळावा लागला.

कॉन्वी, कार्नार्वन, हार्लेख आणि ब्युमारिस हे चौघे 1986 पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. नोंद कुणाच्या नावाने? किंग एडवर्डच्या. आपले बारा किल्ले 2025 मध्ये त्या यादीत गेले ते ‘मराठा’ या नावाने. हा फरक मला तिथे उभं राहून कळला.

मग वेल्श राजांचे स्वतःचे किल्ले कुठे आहेत? ताईने मोबाइलवर शोधलं आणि आम्ही कार्नार्वनहून लान्बेरिसची बस पकडली. तिथे डोंगरात, तळ्याच्या वर डोलबादार्न आहे. थोरल्या लुएलिनने बांधलेला, एक गोल मनोरा आणि आजूबाजूला पडके दगड. इथलं लाकूड एडवर्डच्या माणसांनी काढून कार्नार्वनच्या बांधकामाला नेलं. तिकीट खिडकी नाही, दुकान नाही. आम्ही गेलो तेव्हा कुत्र्याला फिरवणारे एक आजोबा तेवढे होते.

जाणार असाल तर हे शेवटी ठेवा, आधी नको. कॉन्वी-कार्नार्वन पाहून आल्यावर त्या मनोऱ्यासमोर उभं राहायला जास्त वेळ लागतो. आमची परतीची बस त्यामुळेच चुकली.