युद्धकाळातील शुभवार्ता आणि वृत्तपत्रांची दृष्टी : वळिवडे येथील पोलिश निर्वासित वस्तीच्या संदर्भात

प्रस्तावना

मोरिवली, अंबरनाथ व उल्हासनगर या परिसरात पत्ता सांगताना आजही ‘कॅम्प नंबर चार’, ‘कॅम्प नंबर पाच’ असे म्हटले जाते. हा कॅम्प म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ उभारण्यात आलेली लष्कराची तात्पुरती छावणी होय. युद्ध संपल्यावर ओस पडलेल्या तिच्या बराकींमध्ये १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांची सोय करण्यात आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसविण्यात आली आणि उल्हास नदीवरून त्यास उल्हासनगर हे नाव मिळाले. युद्धासाठी बांधलेल्या वास्तू निराश्रितांच्या कामी आल्या, ही वस्तुतः मोठी शुभवार्ता होती. तथापि हे शहर वाचकांसमोर आले ते प्रथम निर्वासितांचा ‘प्रश्न’ म्हणून, पुढे अनधिकृत बांधकामांच्या निमित्ताने, आणि अधूनमधून ‘मेड इन यू.एस.ए.’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ या झिजून गुळगुळीत झालेल्या विनोदातून.

महाराष्ट्रात अशीच आणखी एक छावणी होती. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या पाच वर्षांत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. उल्हासनगरचे नाव निदान सर्वांना ठाऊक आहे. वळिवड्याची हकीकत मात्र कोल्हापूर जिल्ह्याबाहेर दीर्घकाळ फारशी कोणास माहीत नव्हती. युद्धाच्या ऐन धुमाळीत घडलेली चांगली गोष्ट वाचकांच्या नजरेतून का निसटते, याचा विचार प्रस्तुत लेखात या उदाहरणाच्या आधारे केला आहे. याचे कारण संपादकांच्या निष्ठुरपणात शोधण्यापेक्षा बातमीच्या घडणीत आणि युद्धाच्या राजकारणात शोधावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

वळिवड्याची वस्ती

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने पश्चिमेकडून आणि सोव्हिएत रशियाने पूर्वेकडून पोलंडचा ताबा घेतला. पूर्व पोलंडमधील लाखो नागरिकांना फेब्रुवारी १९४० ते जून १९४१ या काळात चार मोठ्या लाटांमध्ये आगगाड्यांत कोंबून सायबेरिया, उत्तर रशिया आणि कझाकस्तानात हद्दपार करण्यात आले. जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावरच हल्ला केला आणि चित्र पालटले. ३० जुलै १९४१ च्या सिकोर्स्की-मायस्की करारान्वये या हद्दपारांना ‘माफी’ देण्यात आली. गुन्हा कोणता, हे मात्र करारात सांगितलेले नव्हते. जनरल अँडर्स यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या पोलिश सैन्याबरोबर १९४२ मध्ये सुमारे १,१५,००० माणसे कास्पियन समुद्र ओलांडून इराणात पोहोचली. त्यांतील एक तृतीयांशाच्या आसपास नागरिक होते, आणि त्यांत स्त्रिया व मुलांचा भरणा मोठा होता. उपासमार, विषमज्वर आणि आमांश यांनी वाटेत किती बळी घेतले याची गणती नाही. जे वाचले त्यांना पूर्व आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड आणि हिंदुस्थान येथे पाठविण्यात आले.

हिंदुस्थानात आलेल्यांपैकी नवानगर संस्थानातील बालाचडी येथे ठेवलेली अनाथ मुले सर्वांस परिचित आहेत. जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी त्यांना आश्रय दिला. या मुलांपैकी पहिली तुकडी बालाचडीस जाण्यापूर्वी काही काळ मुंबईत वांद्रे येथे राहिली होती. मुंबईतील पोलिश वकिलातीचे प्रमुख बानासिन्स्की आणि त्यांच्या पत्नी कीरा बानासिन्स्का यांनी या कामी अपार कष्ट घेतले.

वळिवड्याची वस्ती बालाचडीच्या कितीतरी पट मोठी होती. मिरज-कोल्हापूर लोहमार्गालगत, पंचगंगेच्या परिसरात, कौलारू छपरांच्या बैठ्या बराकींच्या रांगा उभ्या राहिल्या आणि १९४३ च्या मध्यापासून कराचीतील तात्पुरत्या छावण्यांमधून निर्वासित तुकड्यातुकड्यांनी येऊ लागले. कुटुंबागणिक वेगळी जागा आणि वेगळी चूल, ही या वस्तीची मोठीच खूण. कझाकस्तानातील सामुदायिक शेतांवरून आलेल्या बाईला स्वतःच्या चुलीवर स्वतःच्या मुलांसाठी रांधता येणे म्हणजे काय, हे वेगळे सांगण्याचे कारण नाही. वस्तीत प्राथमिक शाळा होत्या, माध्यमिक शाळा होती, चर्च, रुग्णालय, नाट्यगृह आणि चित्रपटगृहही होते. बालवीर पथके विशेष उत्साही होती. स्थानिक व्यापाऱ्यांची दुकाने वस्तीत चालत. क्षयाची बाधा झालेल्या वा प्रकृतीने खंगलेल्या काहींना पाचगणीच्या हवेत पाठविले जाई. काही जण येथेच निवर्तले. कोल्हापुरातील ख्रिस्ती दफनभूमीत त्यांच्या कबरी आहेत. वस्तीचा खर्च मुख्यतः लंडनस्थित पोलिश सरकारकडून येत असे. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने त्या सरकारची मान्यता काढून घेतली आणि पुढे ही जबाबदारी आंतरराष्ट्रीय मदतसंस्थांकडे गेली.

वार्तामूल्याचा प्रश्न

नॉर्वेचे योहान गाल्टुंग आणि मारी होल्मबोए रूगे यांनी १९६५ साली एक निबंध प्रसिद्ध केला. काँगो, क्यूबा आणि सायप्रस येथील पेचप्रसंगांच्या बातम्या नॉर्वेतील चार वृत्तपत्रांनी कशा दिल्या, याचा तो अभ्यास होता. घटनेची बातमी होण्यासाठी तिच्या अंगी कोणते गुण असावे लागतात याची त्यांनी मांडणी केली. त्यांतील दोन-तीन आपल्या विषयास थेट लागू पडतात. पहिला म्हणजे कालमान. दैनिकाचे आयुष्य एका दिवसाचे असते, म्हणून एका दिवसात घडून पुरी होणारी घटना त्यास मानवते. बाँबवर्षाव एका रात्रीत होतो. मूल हळूहळू बाळसे धरते, त्याच्या हिरड्यांतून रक्त येणे थांबते, ते पुन्हा शाळेत जाऊ लागते. यास दोन वर्षे लागतात आणि त्यांतील कोणत्याही एका दिवशी ‘काही घडले’ असे म्हणता येत नाही. विनाश घाईने होतो, संगोपन सावकाश, आणि या फरकामुळेच वृत्तपत्र दुःखवार्तेकडे झुकते.

याची प्रचीती न्यूझीलंडच्या उदाहरणात येते. तेथे ७३३ पोलिश मुले एकाच जहाजातून ३१ ऑक्टोबर १९४४ रोजी वेलिंग्टन बंदरात आली आणि पंतप्रधान पीटर फ्रेझर यांनी त्यांचे स्वागत केले. जहाज, बंदर, तारीख, पंतप्रधान, हात हलविणारी मुले : बातमीस लागणारे सर्व साहित्य जुळून आले. वळिवड्यास माणसे अधिक आली, पण ती थोडीथोडी येत राहिली. तेथे ‘आगमनाचा दिवस’ असा नव्हताच.

दुसरा गुण थोर व्यक्तीचा. गाल्टुंग आणि रूगे यांच्या मते बड्या राष्ट्रांची व बड्या व्यक्तींची कृती बातमी म्हणून सहज स्वीकारली जाते. बालाचडीची कथा टिकली, कारण तिच्या केंद्रस्थानी एक राजा आहे, आणि तो खरोखरच उदार होता. कोल्हापूर संस्थानाची गोष्ट वेगळी. राजाराम महाराज १९४० मध्ये निवर्तले होते. १९४३ साली गादीवर दत्तक आलेले अल्पवयीन बालक होते आणि कारभार रीजन्सीकडे होता. वळिवड्याची वस्ती संस्थानची जागा, लंडनचा पैसा, पोलिश शिक्षिका व परिचारिका आणि भोवतालच्या गावांची माणुसकी यांतून उभी राहिली. अशा कार्यास कर्ता अनेकवचनी असतो, आणि अनेकवचनी कर्त्याचा मथळा होत नाही.

या संदर्भात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. १९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीस हिंदुस्थानातून जे वैद्यकीय पथक गेले त्यात पाच डॉक्टर होते. डॉ. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच मरण पावले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर लिहिलेल्या पुस्तकाचे नाव ‘अँड वन डिड नॉट कम बॅक’, त्यावर व्ही. शांताराम यांनी १९४६ साली ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला. पुस्तकाच्या नावातच आपला विषय सामावला आहे. परत न आलेला एक सर्वांस ठाऊक आहे. परत आलेल्या चौघांची नावे, नागपूरच्या डॉ. चोळकरांसह, किती जणांस सांगता येतील? कोटणीसांच्या थोरवीस यामुळे यत्किंचितही उणेपणा येत नाही. परंतु शुभकार्यालाही स्मरणात शिरण्यासाठी मृत्यूचा परवाना लागला, ही गोष्ट नोंदविण्याजोगी आहे.

युद्धाचे राजकारण

बातमीच्या घडणीने सर्व उलगडा होत नाही. १९४३ हे साल पाहावे. फेब्रुवारीत स्टालिनग्राड येथे जर्मन सैन्याने शरणागती पत्करली. त्याच महिन्यात आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींचे उपोषण सुरू झाले. पुढे इटलीची शरणागती, नेताजींच्या आझाद हिंद सरकारची स्थापना, आपल्या साताऱ्यात प्रतिसरकार. कागदाची टंचाई आणि सरकारी नियंत्रण यांमुळे वृत्तपत्रांची पाने घटली होती, भारत संरक्षण नियमांचा पहारा होता, ‘हरिजन’ ऑगस्ट १९४२ पासून बंद होते. एवढ्या गर्दीत एका निर्वासित वस्तीस जागा किती मिळणार?

त्यातच या निर्वासितांची कहाणी दोस्तराष्ट्रांना अडचणीची होती. ही माणसे कोठून आली, हे सांगू लागताच त्यांना घराबाहेर काढले कोणी, हा प्रश्न येतो. आणि ज्याने काढले तो रशिया आता मित्र होता. एप्रिल १९४३ मध्ये कातिन येथील पोलिश अधिकाऱ्यांच्या सामूहिक कबरींची वार्ता फुटली आणि रशियाने लंडनमधील पोलिश सरकारशी संबंध तोडले. वळिवड्याची वस्ती वसू लागली ती यानंतर दोनच महिन्यांनी. युद्धानंतरही मौन सुटले नाही. साम्यवादी पोलंडमध्ये १९८९ पर्यंत सायबेरियातील हद्दपारीवर उघड बोलणे शक्य नव्हते. स्वतंत्र हिंदुस्थानच्या दृष्टीने हा ब्रिटिश अमदानीतील एक किरकोळ कारभार होता. कोणत्याही पक्षाच्या प्रचारास उपयोगी न पडणारी शुभवार्ता युद्धकाळात पोरकी होते, असे यावरून म्हणता येईल.

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. युद्धकाळात सरकारे ‘चांगल्या’ बातम्या हवेत म्हणून पिकवितात आणि वाईट दडपतात. वळिवड्यात बराकी भरत होत्या त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळाने वीस ते तीस लाख माणसे मृत्युमुखी पडली. ‘स्टेट्समन’चे संपादक इयान स्टीफन्स यांनी २२ ऑगस्ट १९४३ रोजी कलकत्त्याच्या रस्त्यांवरील भुकेल्यांची छायाचित्रे छापली, तेव्हा कोठे हा प्रश्न सरकारला टाळता येईना. तेव्हा वाईट बातमी छापणे हेच पुण्यकर्म होते. पोलिश मुलांना मिळालेल्या दुधाने बंगालच्या मुलांचा हिशेब फिटत नाही. तसेच बंगालमुळे वळिवडे खोटे ठरत नाही. दोन्ही नोंदी एकाच वर्षाच्या वहीत राहिल्या पाहिजेत.

अलीकडील काळातही शुभवार्तेची हीच गत दिसते. एल साल्वादोरमधील यादवीत १९८५ साली युनिसेफच्या मध्यस्थीने मुलांच्या लसीकरणासाठी दोन्ही बाजूंनी काही दिवस शस्त्रे खाली ठेवली. गाझामध्ये सप्टेंबर २०२४ मध्ये पोलिओ लसीकरणाच्या पहिल्या फेरीत साडेपाच लाखांहून अधिक मुलांना लस मिळाली. त्याची बातमी आली, पण न झालेल्या पोलिओचे छायाचित्र काढता येत नाही.

पुन्हा सापडलेली वार्ता

वळिवडे पुन्हा बातमीत आले ते प्रसंगोपात्त. कोल्हापुरात महावीर उद्यानात स्मृतिस्तंभ आहे. वस्तीत बालपण घालविलेले काही वृद्ध सप्टेंबर २०१९ मध्ये कोल्हापुरास आले, तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांचे मनापासून स्वागत केले. २१ ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी वॉर्सा येथे जामसाहेबांच्या स्मारकाबरोबर कोल्हापूर स्मारकासही अभिवादन केले आणि वळिवडे एका दिवसासाठी देशभर पोहोचले. येथेही तारीख मिळाली, थोर व्यक्ती मिळाली, म्हणून बातमी झाली. वृत्तान्तांचा भर बहुधा राजघराण्याच्या औदार्यावर होता. या वस्तीची खरी साधने मात्र तेथे वाढलेल्या मुलांनी पुढे इंग्लंडमध्ये संघटना स्थापून जमविलेल्या आठवणींच्या ग्रंथात आहेत. शिक्षिका, शाळेचे वेळापत्रक, पावसाळ्यातील चिखल, साप आणि आंबे यांची हकीकत तेथे वाचावयास मिळते. जे काम वार्ताहराकडून राहिले ते वृद्धांनी आपल्या हाताने केले.

युद्धानंतर बहुतेक निर्वासित आपल्या गावी परतले नाहीत, कारण त्यांची गावे आता सोव्हिएत हद्दीत गेली होती. १९४७-४८ मध्ये ते टप्प्याटप्प्याने येथून निघाले. अनेक जण मुंबई बंदरातून ब्रिटनला गेले. वळिवड्याच्या बराकी फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहीत. कल्याणच्या कॅम्पात उतरलेल्या कुटुंबांप्रमाणेच सिंधमधून आलेली कुटुंबे त्यांत राहू लागली. त्या वस्तीस पुढे गांधीनगर हे नाव पडले आणि आज ती कापडाची मोठी घाऊक बाजारपेठ आहे.