फार्मव्हिलच्या बंद शाळा

अमेरिकेत कौंटीचे मुख्य ठाणे म्हणजे काय, हे समजण्यास आपल्याकडील ‘कसबा’ हा जुना शब्द पुष्कळ उपयोगी पडतो. परगण्याची कचेरी, दप्तर, न्यायालय आणि तुरुंग ज्या एका गावी नांदतात ते गाव. व्हर्जिनिया राज्यातील प्रिन्स एडवर्ड कौंटीचे हे ठाणे यादवी युद्धानंतर फार्मव्हिल येथे आले. अ‍ॅपोमॅटॉक्स नदीच्या काठचे, १७९८ साली स्थापन झालेले, तंबाखूच्या पेठेवर पोसलेले हे छोटे गाव. त्या युद्धात उत्तरेच्या जनरल ग्रँटने दक्षिणेच्या जनरल लीला शरण येण्याविषयी पहिले पत्र लिहिले ते ७ एप्रिल १८६५ रोजी येथूनच.

विद्येची येथे वाण होती असे कोणी म्हणू नये. गावाजवळचे हॅम्पडेन-सिडनी महाविद्यालय १७७५ पासून चालत आलेले, आणि १८३९ साली गावातच निघालेल्या कन्याशाळेचे १८८४ मध्ये सरकारी अध्यापिका विद्यालय झाले, तेच आजचे लाँगवुड विद्यापीठ. शिक्षिका घडविणाऱ्या या गावात कृष्णवर्णीयांच्या मुलांची शाळा मात्र पाहण्यासारखी होती. मोटन हायस्कूलची इमारत १९३९ साली सुमारे १८० मुलांच्या हिशेबाने बांधलेली. बारा वर्षांत मुले साडेचारशेच्या वर गेली, तेव्हा अधिकाऱ्यांनी आवारात लाकडी खोल्या ठोकून त्यांवर डांबरी कागद चढविला. परक्या माणसास ती कोंबड्यांची खुराडी वाटत. शेगडीजवळची मुले भाजून निघत, कोपऱ्यातली कोट घालून कुडकुडत, पावसात वर्गातच छत्र्या उघडाव्या लागत. आणि इतिहासाच्या मास्तरांना बस हाकून आल्यावर लाकडे गोळा करून शेगडीही पेटवावी लागे.

२३ एप्रिल १९५१ रोजी ‘तुमच्या शाळेची दोन मुले बसस्थानकावर अडचणीत सापडली आहेत’ असा खोटा निरोप पाठवून मुख्याध्यापकांना शाळेबाहेर काढण्यात आले, सभागृहाचा पडदा सरकला, आणि सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने शिक्षकांना बाहेर जाण्याची विनंती करून संप पुकारला. मुलांना हवी होती नवी इमारत. मुलांनी मदतीसाठी गाठलेल्या ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन या वकिलांनी मात्र दावा लावायचा तर वर्णभेदाच्या मुळावरच लावू, अशी अट घातली, आणि पालकांनी ती मान्य केली. ११७ विद्यार्थ्यांच्या नावे दाखल झालेली ही फिर्याद पुढे ‘ब्राउन’ खटल्यातील पाच दाव्यांपैकी एक ठरली. १७ मे १९५४ रोजी त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला.

येथे वाचकाने अमेरिकेतील एक व्यवस्था ध्यानी घ्यावी. तेथील शाळा वॉशिंग्टनचे सरकार चालवीत नाही. स्थानिक कर, स्थानिक अंदाजपत्रक आणि स्थानिक मंडळ यांवर त्या उभ्या असतात, आणि या स्वायत्ततेचा तेथील लोकांना अभिमान असतो. प्रिन्स एडवर्डच्या मंडळाने १९५९ मध्ये याच स्वायत्ततेचे शस्त्र केले: गोऱ्या आणि काळ्या मुलांना एका वर्गात बसविण्याचा हुकूम अमलात येणार असे दिसताच शाळांसाठी पैसाच मंजूर केला नाही. गोऱ्यांच्या मुलांसाठी खाजगी अकादमी तात्काळ निघाली. सुमारे सतराशे काळी मुले, आणि काही गरीब गोरीही, रस्त्यावर आली. कोणी परगावी नातलगांकडे गेले, कोणी देवळाच्या तळघरात अक्षरे गिरविली, पुष्कळांनी शेतात मजुरी केली. सात वर्षांचे जे पोर शाळेत जायचे ते अकरा वर्षांचे होईपर्यंत घरी बसले. पंडितांच्या या गावात उघडपणे विरोध करणारे गोरे मोजकेच. लाँगवुडचे इतिहासाचे प्राध्यापक गॉर्डन मॉस त्यांतले एक, आणि १९६३ मध्ये देणग्यांवर तात्पुरत्या मोफत शाळा निघाल्या तेव्हा त्यांनी स्वतःचा मुलगा तेथे घातला.

पुढच्याच वर्षी, २५ मे १९६४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, शाळा उघडण्यासाठी मंडळाला कर बसविण्यास भाग पाडण्याचा अधिकारही न्यायालयास आहे. ज्या तिजोरीच्या किल्लीवर सारी मिजास होती, त्या किल्लीलाच हात घातला गेला. त्या शरदात शाळा उघडल्या.

बार्बरा जॉन्स पुढे फिलाडेल्फियात शाळांची ग्रंथपाल झाली आणि १९९१ मध्ये वारली. मोटनच्या जुन्या इमारतीत आता संग्रहालय आहे. २००८ साली कौंटीच्या मंडळाने, म्हणजे ज्याने पूर्वी पैसा नाकारला होता त्याच संस्थेने, ठराव करून न्यायकचेरीच्या घंटाघरात एक दिवा लावविला. शाळा बंद ठेवल्याबद्दलचा खेद म्हणून तो रात्री तेवत असतो.