व्हिजिटिंग कार्डावर नसलेलं

आमची एमबीएची बॅच २००९ची. प्लेसमेंट तोंडावर आलेलं आणि १५ सप्टेंबर २००८ला तिकडे अमेरिकेत लेहमन ब्रदर्सचं दिवाळं वाजलं! फायनान्सवाल्यांचे चेहरे पडले. मग ज्याला जी मिळाली ती नोकरी त्यानं धरली.

परवा पुण्यात 'वैशाली'त सातजण भेटलो. एसपीडीपी येईपर्यंत नेहमीचंच : कोण व्हीपी झाला, कोणी बाणेरला फ्लॅट घेतला, कोणाची मुलगी सातवीत. मी आपली मोबाइलशी चाळा करत बसलेले. दोन महिन्यांपूर्वी नोकरी गेलीय, हे सांगायचं कसं?

तेवढ्यात माझी हॉस्टेलची रूममेट म्हणाली, "२०१४ला मुलगा झाला तेव्हा बाळंतपणाची रजा १२ आठवडे. शेवटी नोकरीच सोडली. २०१७ला कायद्यानं २६ आठवडे केले, पण मला काय उपयोग? चार वर्षांनी इंटरव्ह्यूला गेले, तर 'मधे काय करत होतात?' म्हटलं, मूल वाढवत होते! तिसऱ्या ठिकाणी घेतलं."

मग मीही सांगून टाकलं. टेबल गप्प. आमचा टॉपर कॉफी ढवळत म्हणाला, "गेल्या वर्षी माझीही गेली होती. तीन आठवडे घरी बोललो नाही. रोज डबा घेऊन निघायचो."

निघताना तिघांनी माझा सीव्ही मागून घेतला.

तेव्हा दोस्तहो, बॅचला भेटायला प्रमोशनची वाट बघू नका. २००९मध्ये तरी कुठे होतं कोणाकडे कार्ड?