सुटी होणारी बंदूक : सोय आणि सावधगिरी

संरक्षणासाठीं आपल्यापैकीं कित्येकांच्या घरीं परवान्याची दुनळी बंदूक असते. परंतु ती सुटी करून ठेवण्याचा लाभ थोडेच घेतात.

नळ्यांखालील लाकडी तुकडा काढून बंदूक उघडली, म्हणजे नळ्यांचा आंकडा बिजागरीच्या खिळ्यावरून सुटतो व तिचे दोन भाग होतात. अठ्ठावीस इंची नळ्यांची, सुमारें ४५ इंच लांबीची बंदूक मग आंखूड पेटींत मावते. पावसाळ्यांत नळ्या दोन्ही तोंडांनीं पुसतांही येतात.

रायफलीची नळी मात्र घट्ट बसलेली असावी लागते. म्हणून तेथें वेगळी योजना आहे. जॉन ब्राउनिंग यांच्या, बेल्जममध्यें १९१४ पासून झालेल्या .२२ रायफलीची नळी खंडित आट्यांत बसते व थोडी फिरवितांच सुटते. सांधा झिजल्यास तो घट्ट करण्याचीही सोय आहे. माशी व खांच दोन्ही नळीवर असल्यास नेम टिकतो. दुर्बीण मागील भागावर असल्यास तो ढळण्याचा संभव असतो.

माझ्या घरीं एकदां भरलेली बंदूक भिंतीस टेकून राहिली व नातवाचा हात तिजवर पडला. दैवानें अनर्थ टळला. तेव्हांपासून नळ्या एका कुलपांत व दस्ता दुसऱ्या कुलपांत असतो.

१९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें सुटे भागही शस्त्रच होत. ते कोणास उसने देऊं नयेत. आणि बंदूक सुटी करण्यापूर्वीं दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री स्वतःच्या डोळ्यांनीं करावी.