वावर ते विक्रीपत्र : लेखांक नववा – पांदण, वहिवाट आणि मेहेरबानीची वाट

शेतजमिनीच्या व्यवहारात मध्यस्थ जे विकतो ते कागदावर भूमापन क्रमांक, क्षेत्र आणि आकारणी यांच्या रूपात उतरत असले, तरी वर्धा जिल्ह्यासारख्या काळ्या मातीच्या प्रदेशात त्या वावराचा भाव बऱ्याच अंशी तेथवर बारा महिने पोचता येते की नाही यावर ठरतो; आणि नेमकी हीच गोष्ट सात-बाराच्या उताऱ्यावर बहुतेक वेळा नोंदलेली नसते.

मोजणीच्या ‘क’ प्रतीचा जो विषय या आठवड्यासाठी योजला होता तो पुढे ढकलावा लागत आहे, कारण देवळी तालुक्यातील एका वाचकाने विचारलेल्या प्रश्नाला उशिरा उत्तर देणे योग्य ठरणार नाही. त्यांना दाखवण्यात आलेल्या वावराच्या चतुःसीमेत, म्हणजे चारही बाजूंच्या हद्दींच्या वर्णनात, केवळ इतरांची शेते आहेत, रस्ता एकाही बाजूस नाही, आणि दलालाचे म्हणणे असे की रस्ता ‘आहेच’. हा ‘आहेच’ शब्द शेतजमिनीच्या सौद्यातला सर्वांत धोक्याचा शब्द आहे, असे या लेखमालेचे मत आहे. कारण त्याचे किमान तीन वेगवेगळे अर्थ संभवतात आणि त्या तिहींचे कायद्यातले भवितव्य एकमेकांपासून अगदी भिन्न आहे.

पहिला अर्थ पांदणीचा. गावठाणातून शिवाराकडे जाणारी, दोन्ही बाजूंच्या धुऱ्यांमधून, म्हणजे शेतांच्या बांधांमधून, गेलेली जी सार्वजनिक गाडीवाट तिला पांदण म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या बंड्यांच्या चाकांनी तिची माती उकरली जाते, पावसाचे पाणी त्याच चाकोऱ्यांतून वाहते, आणि त्यामुळे पांदण लगतच्या शेतांपेक्षा खोल होत जाऊन पावसाळ्यात तिला नाल्याचे रूप येते. काळी माती ओली झाली की फुगते आणि चिकटते, वाळली की भेगाळते. ज्या वाटेवरून वैशाखात मोटार सहज जाते त्याच वाटेवर श्रावणात बैलाचे पाय गुडघ्यापर्यंत रुततात. पेरणीचे बियाणे, खताची पोती, डवरणीची अवजारे आणि पुढे सोयाबीनचे पोते व कापसाचा गठ्ठा या साऱ्यांची ने-आण त्याच वाटेने व्हायची असते. म्हणून जाणकार मध्यस्थ गिऱ्हाइकाला वावर उन्हाळ्यात दाखवतो खरा, परंतु पोळ्याच्या सुमारास एकदा पुन्हा यावे, असे आपण होऊन सुचवतो. खरेदीदार नागपूरचा वा पुण्याचा असेल आणि त्याने या मातीचा पावसाळा पाहिला नसेल, तर ही सूचना अधिकच अगत्याची. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम ५५ प्रमाणे, विक्रेत्याला ठाऊक असलेला आणि खरेदीदाराला साधारण दक्षतेने कळू न शकणारा महत्त्वाचा दोष उघड करणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. एप्रिलमध्ये कोरडी ठणठणीत दिसणारी पांदण जुलैत बंद पडते हे त्या प्रकारच्या दोषात गणले जावे, असे म्हणण्यास पुष्कळ जागा आहे.

या चिखलाची थोरवी सेवाग्रामच्या इतिहासातही आहे. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहावयास आले तेव्हा वर्ध्याहून तेथे जाणारा पक्का रस्ता नव्हता, आणि देशभरातून त्यांना भेटावयास येणाऱ्यांना पहिल्या पावसाळ्यात या जिल्ह्याच्या मातीची जी ओळख झाली ती येथील शेतकऱ्यांना जन्मापासून असते. सेगावची मालगुजारी जमनालाल बजाज यांच्याकडे होती, आणि या मालगुजारीमुळेच पांदणीच्या मालकीचा प्रश्न येथे नदीपलीकडच्या वऱ्हाडाहून वेगळ्या वाटेने सुटला. वऱ्हाडात रयतवारी होती, म्हणजे जमीन थेट शेतकऱ्याच्या नावे असे, तर वर्धा नदीच्या अलीकडे, जुन्या मध्य प्रांतात, गाव मालगुजाराच्या नावे असे. १९५० च्या मध्य प्रदेश मालकी हक्क निर्मूलन कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारांचे जे हक्क शासनाकडे आले, त्यांच्या यादीत पडीक जमीन, गवताची राने, तलाव, झाडे यांच्या बरोबरीने पायवाटांचाही स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळे गावनकाशावर जी पांदण दाखवलेली आहे ती लगतच्या शेतकऱ्याने कितीही वर्षे नांगराखाली घेतली असली, तरी तेवढ्याने ती त्याची झाली असे मध्यस्थाने समजू नये आणि विक्रीच्या क्षेत्रात तर तिची भर मुळीच घालू नये.

गावनकाशावर दुहेरी तुटक रेषा गाडीमार्ग दाखवते आणि एकेरी तुटक रेषा पायमार्ग. त्यामुळे नकाशा हाती आल्यावर सर्वप्रथम या रेषा बोटाने चाचपाव्यात आणि त्या आपल्या भूमापन क्रमांकाला प्रत्यक्ष शिवतात की एक शेत अलीकडेच संपतात हे पाहावे. याशिवाय महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ यातील कलम १६१ ते १६७ ही केवळ विदर्भाला लागू असलेली कलमे आहेत आणि पश्चिम महाराष्ट्रातून येथे येणारे खरेदीदारच नव्हेत तर त्यांचे वकीलही कधी कधी या कलमांविषयी अनभिज्ञ असतात. त्यांत निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज असे दोन अभिलेख सांगितले आहेत. निस्तारपत्रक म्हणजे गावातील बिनभोगवट्याच्या जमिनीच्या वापराची, चराई, सरपण इत्यादींची योजना. तर वाजिब-उल-अर्ज म्हणजे शासनाच्या वा स्थानिक संस्थेच्या मालकीच्या नसलेल्या जमिनीत व पाण्यात गावाचे जे रूढ हक्क आहेत, जसे पाणी घेण्याचा, मासे धरण्याचा आणि जाण्यायेण्याचा, त्यांची नोंद. खाजगी वावरातून गेलेली एखादी जुनी वाट सात-बारावर नसते, नकाशावर नसते, आणि तरीही वाजिब-उल-अर्जात सापडू शकते. हे दप्तर काढून पाहण्याचा आळस अनेक मध्यस्थ करतात ही खेदाची गोष्ट आहे; अर्ध्या दिवसाच्या त्या श्रमाने पुढची दहा वर्षांची कोर्टकचेरी वाचू शकते.

‘आहेच’ या शब्दाचा दुसरा अर्थ वहिवाटीच्या हक्काचा. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ हा मध्य प्रांताला प्रारंभापासून लागू होता, मुंबई इलाख्यात तो नंतर आला. सुविधाधिकार म्हणजे एका जमिनीच्या उपभोगासाठी दुसऱ्याच्या जमिनीवर असलेला मर्यादित हक्क. तो दोन प्रकारे विशेषकरून उद्भवतो : वीस वर्षे उघडपणे, शांततेने, अखंड आणि हक्क म्हणून वापर केल्याने (कलम १५), किंवा निकडीमुळे (कलम १३). निकडीचे उदाहरण प्रत्येक गावात आहे : बापाचे रस्त्यावरचे वावर तीन भावांत वाटले गेले, पुढचा तुकडा एकाला आला आणि मागचे दोन बंद झाले, तर वाटणीपत्रात एक अक्षरही नसले तरी मागच्यांना पुढच्यातून जाण्याचा हक्क कायदा मानतो, मात्र दुसरी वाट नसेल तोवरच. आणि कलम १९ प्रमाणे, उलट हेतू दिसत नसेल तर, असा हक्क जमिनीबरोबर नव्या मालकाकडे जातो.

तिसरा अर्थ मेहेरबानीचा, आणि बहुसंख्य सौदे येथेच फसतात. विकणारा शेतकरी चाळीस वर्षे शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून बंडी नेत आला असतो; परंतु ते तो शेजाऱ्याच्या परवानगीने, सोयरिकीमुळे, किंवा आपल्या विहिरीचे पाणी आपण त्याला देतो या देवघेवीमुळे करत असतो. कायद्याच्या भाषेत ही अनुज्ञप्ती होय. परवानगीने झालेला वापर वीस नव्हे तर साठ वर्षे चालला तरी हक्कात परिणत होत नाही, आणि सर्वसाधारणपणे तो दुसऱ्याला देताही येत नाही. विक्रेता खोटे बोलत नसतो. त्याच्यापुरता रस्ता खरोखरच आहे. परंतु ज्या दिवशी विक्रीपत्राची नोंदणी होते त्या दिवशी ज्या माणसासाठी ती मेहेरबानी होती तो माणूस वावरातून निघून जातो, आणि पहिल्याच पेरणीला धुऱ्यावर काट्यांची आडकाठी पडते. शेजाऱ्यालाच ते वावर स्वस्तात हवे असेल तर ही आडकाठी हटकून पडते. येथे मध्यस्थाने विक्रेत्याला ‘रस्ता आहे का’ असे विचारून उपयोग नाही. ‘शेजाऱ्याला विचारून जाता की न विचारता’ असे विचारावे, आणि हाच प्रश्न शेजाऱ्याच्या अंगणात बसून त्यालाही विचारावा.

समृद्धी महामार्गाने या गुंत्यात एक नवा पदर घातला. सेलू, वर्धा आणि आर्वी तालुक्यांतून गेलेल्या या ७०१ किलोमीटरच्या मार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, आणि तेव्हापासून ‘हायवे टच’ हा शब्द जाहिरातींत ठळकपणे झळकू लागला. हा मार्ग प्रवेशनियंत्रित आहे. त्यावर चढण्या-उतरण्याची सोय येळाकेळीसारख्या ठरावीक ठिकाणीच आहे आणि एरवी दोन्ही अंगांना कुंपण आहे. कुंपणाला लागून असलेले वावर महामार्गाला ‘टच’ असूनही त्याचा रस्ता जुन्या पांदणीचाच राहतो. ते वावर रस्त्यावरचे म्हणून विकणे याला दिशाभूल याखेरीज दुसरे नाव देता येत नाही.

वाट नसेल तर उपाय आहेत, परंतु ते कोणते कोठे लागू पडतात हे न कळल्यास वर्षे जातात. मुळात वाटच नसल्यास संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे अर्ज करावा. तो इतर भूमापन क्रमांकांच्या हद्दीवरून, म्हणजे धुऱ्यावरून, वाजवी वाट ठरवून देऊ शकतो, वावराच्या मधून नव्हे. असलेली वाट कोणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ याच्या कलम ५ चा आधार घ्यावा, पण अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत. हार्वेस्टर आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या यांना बंडीची वाट पुरत नाही हे ओळखून मे २०२५ मध्ये शासनाने शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सात-बाराच्या ‘इतर हक्क’ सदरी घ्यावी असा निर्णय घेतला. ही नोंद जेथे झाली आहे तेथे मध्यस्थाचे काम पुष्कळ सोपे होईल.

देवळीच्या वाचकांनी इसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, देण्यापूर्वी गावनकाशा आणि वाजिब-उल-अर्ज पाहावे. वाट दोन्हींत नसेल तर ज्याच्या धुऱ्यावरून आज जाणे-येणे आहे त्या शेजाऱ्याकडून रुंदी, दिशा आणि लांबी नमूद केलेला वाटेच्या हक्काचा दस्त विक्रेत्याच्या खर्चाने नोंदवून घ्यावा, आणि तो होईपर्यंत इसारचिठ्ठी करू नये. शेजारी दस्ताला तयार नसेल तर वाट मेहेरबानीची आहे हे सिद्ध झाले असे समजावे आणि वावराचा भाव त्याप्रमाणे आतल्या, बंद वावराचा धरावा. पुढील आठवड्यात ‘क’ प्रत.