तंटा मिटवायचा, पण कोणाच्या मर्जीने?
गुन्हा झाला की कायदा विचारतो, दोषी कोण, शिक्षा काय? पुनर्स्थापक न्याय आधी विचारतो, नुकसान कोणाचं झालं आणि ते भरून कसं निघेल? महाराष्ट्रात या विचाराच्या जवळ जाणारा प्रयोग म्हणजे १५ ऑगस्ट २००७ पासूनची महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम. खानदेशातल्या गावांतही त्यासाठी समित्या झाल्या. बांध कोरला, उभ्या कपाशीत गुरं घातली, त्यावरून हाणामारी झाली, तर दोघांना समोरासमोर बसवायचं आणि भरपाई ठरवायची. फौजदारी तडजोड मात्र कायद्याने मुभा दिलेल्या गुन्ह्यांतच होते. खून, बलात्कार त्यात येत नाहीत. आणि गावातल्या बड्यांच्या दबावाखाली केलेली सही हा समेट नव्हे. पीडिताला नकाराचा हक्क आहे; तो त्याने निःसंकोच वापरावा.