वाफसा ओळखणारा बोर्ड

अहिल्यानगर जिल्ह्यात शेतीला थ्री फेज लाईट बऱ्याचदा रात्रीची येते. स्टार्टरला ऑटोस्विच लावला, की लाईट आल्याबरोबर विहिरीवरची मोटर सुरू होते आणि लाईट जाईपर्यंत चालत राहते. रानात वाफसा आहे की चिखल झालाय, हे ऑटोस्विचला कळत नाही. ते ओळखणारी जुळणी आठवी-नववीतली मुलंही करू शकतात. त्यासाठी आर्डुइनो हा प्रोग्रॅम भरता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड हाताशी आहे.

२००५ साली इटलीतल्या इव्रेया गावी मास्सिमो बान्झी आणि सहकाऱ्यांनी हा बोर्ड घडवला तो इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या, डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी. आराखडा त्यांनी सर्वांना खुला ठेवला, म्हणून आज त्याच्या स्वस्त प्रतीही मिळतात. ऊनो हा त्यातला सर्वांत रुळलेला प्रकार तळहातावर मावतो. त्याला १४ डिजिटल आणि ६ अ‍ॅनालॉग पिना असतात. प्रोग्रॅमसाठी जागा अवघी ३२ किलोबाइट, पण एकच काम अखंड करायला तेवढी पुष्कळ झाली.

पहिला धडा दिवा लुकलुकवण्याचा. तो जमला, की कुंडीकडे वळावं. मातीत दोन दांड्यांचा सेन्सर खोचून तो अ‍ॅनालॉग पिनेला जोडला, की बोर्ड ० ते १०२३ मधला आकडा दाखवतो. नेहमीच्या सेन्सरवर कोरड्या मातीत तो हजाराच्या आसपास असतो. तांब्याभर पाणी ओतलं की पडद्यावर भराभर उतरतो. पाणी निथळून वाफसा आला की तेव्हाचा आकडा टिपून ठेवायचा. काळ्या रानाचा आकडा मुरमाड रानाला चालत नाही. शिकण्यासारखं खरं इथेच आहे: प्रोग्रॅम तयार मिळतो, आपल्या मातीचा आकडा मात्र स्वतःच काढावा लागतो. सेन्सरला सतत वीज दिली तर दांड्या महिन्याभरातही गंजू शकतात, म्हणून वाचन घेण्यापुरतीच ती द्यावी.

अशा हाताने करून शिकण्याची परंपरा जवळच आहे. याच जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्याला लागून असलेल्या शिरूर तालुक्यात, पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीने तिथे २००२ मध्ये फॅब लॅब, म्हणजे वस्तू स्वतः बनवून पाहण्याची कार्यशाळा, उभी राहिली, एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या लॅबपैकी एक. २०१६ पासून केंद्राच्या अटल टिंकरिंग लॅबमधून सहावी ते बारावीच्या मुलांना असे बोर्ड हाताळायला मिळू लागले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने तर पिकाला किती पाणी लागेल, हे हवामानावरून सांगणारं अ‍ॅपही केलं आहे.

कुंडीवरून शेतावर जाताना मात्र घाई नको. ऊनोची पिन जेमतेम २० मिलिअँपिअर देते; मोटर तिच्यावर चालत नाही. मध्ये रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, लागतो, आणि थ्री फेज मोटरीला तो रिलेही थेट जोडायचा नसतो. त्याने स्टार्टरची कॉइल चालवायची, आणि ती जोडणी वायरमनकडूनच करून घ्यायची. मुलांच्या हाती पाच व्होल्टची बाजू राहू द्यावी.